खूण की खून

मालू, तुझं शेवटचं वाक्य मला लिहिता येत नाही. म्हणून दाखवता येतं. सकाळपासून मी ते पुटपुटत घरभर फिरतेय. शेजारच्या मिश्राइनला वाटलं असेल, दीदी जप करतायत. पण कागद घेऊन बसलं की एका अक्षरापाशी हात अडतो. "ताई, खू… कर," असं तू म्हणालीस. मधे न होता की ण होता, ते मला सांगता येत नाही, आणि तुला विचारायची सोय तू ठेवली नाहीस.

नुसता चाळा म्हणून नाही गं विचारत. दिनेशजी संध्याकाळी येणार आहेत आणि त्यांना उत्तर द्यायचं आहे.

काल तुझं तेरावं झालं. पंगतीत तुझे दिनेशजी जो भेटेल त्याला तेच सांगत होते, तू गेलीस त्या दिवसापासून सांगतायत तेच. मालतीनं शेवटी खून मागितलं, मी आणायला धावलो, आणि परत येईपर्यंत… आणि मग पुन्हा पहिल्यापासून. सगळा माणूस त्या एका वाक्यावर उभा आहे. तू गेलीस तेव्हा ते खोलीत नव्हते, कारण तू मागितलेलं रक्त आणायला गेले होते. तेवढ्या आधारावर त्यांना रात्री डोळा लागतो. आणि आपली पुण्याची चुलत वहिनी पुरीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणाली, "पण मराठीत खून म्हणजे मर्डर ना? रक्ताला आपण रक्तच म्हणतो." वाईट मनानं नाही म्हणाली. तिचं तोंड तिच्या आधी धावतं, तुला ठाऊकच आहे. दिनेशजींचा घास हातातच राहिला.

आज सकाळी पाहुण्यांना स्टेशनावर सोडून ते तसेच इकडे प्रेमनगरला आले. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "दीदी, एक बात पूछनी थी. मालती ने जो आख़िर में कहा, वो मराठी में कहा था ना?" मी म्हटलं, दूध उतू जातंय. गॅसवर दूध नव्हतंच. त्यांनाही ते कळलं असणार. "शाम को आता हूँ," एवढंच म्हणाले आणि गेले.

आपल्या घरात ण कधी टिकलाच नाही. आप्पा साताऱ्याकडून रेल्वेत गार्ड होऊन आले, ते ण घेऊन आले होते. आईकडेही होता. पण आपण दोघी इथे झाशीत, रेल्वेच्या क्वार्टरात जन्मलो, शाळेत हिंदी शिकलो, गल्लीत बुंदेलीतून भांडलो, आणि जिभेवरून तो कधी गळाला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पानी दे, लोनी काढ, दारात कोन आलंय. आप्पा ड्यूटीवरून यायचे, हातातला दिवा खाली ठेवायच्या आधी ओरडायचे, "पाणी! पाणी म्हणा! जीभ वर टाळूला लावा!" मग आपण दोघी जीभ टाळूला लावून त्यांच्यासमोर उभ्या राहायचो, आणि तुला हसू फुटायचं, आणि तुझ्यामुळे मलाही. मार मात्र मला एकटीला बसायचा. मोठी ना मी.

लिहिताना मी चुकत नाही. आप्पांच्या मासिकांनी डोळ्यांना शिकवलं, जिभेला शिकवणं त्यांना जमलं नाही. तू मात्र पुण्याला संशोधनाला गेलीस आणि जीभही बदलून आणलीस. त्यासाठी तुला काय सोसावं लागलं ते तू मला हसत हसत सांगितलंस, पण मला त्यात हसण्यासारखं फार काही दिसलं नव्हतं. प्रयोगशाळेत तुझा पहिलाच महिना. समोर अंड्यांच्या रांगा. अंडं आडवं ठेवायचं, मागून दिवा धरायचा, आतला जीव सावलीसारखा कुठे दिसतो ते बघायचं आणि कवचावर तिथेच पेन्सिलीनं खूण करायची, म्हणजे नंतर तिथेच खिडकी कापता येते. प्रात्यक्षिकाला आलेल्या मुलांना तू समजावून सांगत होतीस आणि म्हणालीस, "प्रत्येक अंड्यावर एकेक खून करा." कोणीतरी मागून विचारलं, "मॅडम, पुरावा कुठे लपवायचा?" सगळा वर्ग पोट धरून हसला. त्या रात्रीपासून म्हणे तू खोलीच्या आरशासमोर जीभ वळवायला लागलीस. आप्पांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते त्या कार्ट्यांनी एका वाक्यात करून दाखवलं.

आणि मग तू झाशीला परत आलीस, कॉलेजात लागलीस, दिनेशजींशी लग्न केलंस. आपल्यात मराठी मुलांची काही कमी नव्हती, पण तुला बुंदेलखंडीच हवा होता. आई महिनाभर बोलली नाही. मी बोलले, आणि बरंच बोलले. ते भांडण आपण कधी मिटवलं नाही, तसंच जुनं करून टाकलं. आज सांगते, माणूस चांगला निवडलास. तुझ्यासाठी मराठी शिकायला बसला, 'जेवलीस का' आणि 'उशीर झाला' एवढ्यावर अडकला, तरी रोज तेवढं बोलायचा.

मला आपल्या मागच्या खोलीतला तो हिवाळा आठवतो. वर्गात मुलांना दाखवायला तुला घरच्या घरी अंडी उबवायची होती. लक्ष्मी गेटच्या दुकानात तू मला बरोबर घेऊन गेलीस, कारण एकटीला लाज वाटत होती. दुकानदाराला म्हणालीस, "भैया, ऐसे अंडे चाहिए जिनकी मुर्गी के साथ मुर्गा भी रहता हो." तो तुझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बहनजी, हम अंडे देते हैं, गारंटी नईं देत." शेवटी गरौठ्याकडच्या गावातून त्यानं आणवली. खोक्यात बल्ब लावून तू ती ठेवलीस. आई म्हणाली, या घरात अंडी शिजली नाहीत आणि आता उबवतायत. म्हणाली खरी, पण येता जाता बल्ब चालू आहे ना ते तीच बघायची.

खिडकी कापलीस तेव्हा मी आणि आई डोकी जोडून आत बघत होतो. पिवळ्या बलकावर एक फिकट चकती, तिच्या मधोमध तो इवलासा जीव, आणि त्याच्या बाहेर, बलकावर, लाल ठिपके. तू म्हणालीस, ही रक्ताची बेटं. एकेक बेट म्हणजे पेशींचा एकेक पुंजका. कडेच्या पेशी चपट्या होतात, एकमेकींना धरून राहतात, त्यांची नस होते. आतल्या गोल होतात, सुट्या होतात, त्यांचं रक्त होतं. मग बेटाला बेट जुळतं, जाळं होतं, ते जाळं आतल्या जिवापर्यंत जातं. हृदय ठोके द्यायला लागतं तेव्हा ढकलायला रक्त आधीच तयार असतं. मला ते खरंच वाटेना. म्हटलं, "म्हणजे अंगातलं पहिलं रक्त अंगाबाहेर तयार होतं?" तू म्हणालीस, "हो, बाहेर होतं आणि मग आत येतं." मी म्हटलं, "मग ते आपल्यासारखंच. बाहेरगावचं मराठी." आई इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. मग त्या लाल ठिपक्यांच्या मधे काहीतरी धडधडताना तिला दिसलं. "झाक गं ते," म्हणाली, "थंडी लागेल त्याला."

तुला माझी ही सवय आवडायची नाही. मी म्हणायचे, एका आईच्या दोघी, एक काठाला धरून राहिली, एक सुटून वाहत गेली; काठाची मी, वाहती तू. तू चिडायचीस. "ताई, पेशी आहेत त्या. दर वेळी आपलं घर त्यांच्यात घुसवू नकोस." आणि वर, मुळात त्या दोन्ही पेशींची आई एकच का, हेच अजून नक्की नाही म्हणायचीस. काचेच्या बशीत वाढवलेल्या एकाच पेशीतून रक्तही होतं आणि नसही, ते तू डोळ्यांनी पाहिलं होतंस. पण जिवंत जिवात खरंच तसं होतं का, यावर तुझ्या लोकांची भांडणं चालली होती, आणि त्यात तू हिरीरीनं होतीस. मी म्हणायचे, रक्त आहे ना, नसा आहेत ना, मग भांडता कशाला? तू म्हणायचीस, कुठून आलं ते कळलं नाही तर गेल्यावर परत कसं आणणार?

हे तू धडधाकट असताना म्हणाली होतीस. मला ते वाक्य आता छळतं.

मग तुझंच रक्त गेलं. हाडांतल्या मज्जेनं काम सोडलं. आधी हिरड्यांतून आलं, मग दंडावर निळे डाग पडले, मग तू वर्गात खडू हातात धरून खाली बसलीस. दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर बघू. मी तिथल्या तिथे बाही वर केली. एका आईची, एका बापाची, एका क्वार्टरातली. जुळलं नाही. तू मला समजावत होतीस, मला! सख्ख्या बहिणींतही पुष्कळदा जुळत नाही ताई, पत्ते पिसल्यासारखं असतं ते, यात तुझा काही दोष नाही. मला दोष नको होता गं, मला जुळायला हवं होतं. या शरीरात आणखी आहे तरी काय? संधिवात आणि मोतीबिंदू. एक गोष्ट कामाची निघाली असती, तीही निघाली नाही.

तेव्हा मी तुझ्याशी ते वेड्यासारखं भांडण काढलं. तूच मला सांगितलं होतंस की बेटांचं रक्त तात्पुरतं असतं, आणि जन्मभर पुरणारं नंतर येतं, जिवाच्या मोठ्या धमनीच्या भिंतीतून. भिंतीतलीच एखादी पेशी फुगते, गोल होते, हात सोडते आणि रक्त होऊन वाहायला लागते. मी तुझ्या पलंगाशी उभी राहून म्हटलं, "मग आता का नाही होत? मज्जा गेली तर गेली, नसा आहेत ना तुझ्या? भिंती आहेत ना? एकदा जमलं त्यांना, मग परत का नाही जमत?" मी ओरडत होते. नर्स दारात येऊन उभी राहिली. तू माझ्याकडे बघितलंस, शिकवताना बघायचीस तशी, आणि म्हणालीस, "ताई, ते जन्माच्या आधी होतं, एकदाच. नंतर भिंत ती भिंतच राहते." मी म्हटलं, हे बरोबर नाही. तू म्हणालीस, "बरोबर नाहीच." आणि हसलीस. मी अजून त्याच ठिकाणी उभी आहे मालू. मला अजून पटलेलं नाही. कोणाशी भांडू मी आता यावरून?

आता त्या दुपारचं. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, रक्ताची पिशवी तयार ठेवा, लागेल. दिनेशजी दाराशी उभे होते. मी स्टुलावर. तू डोळे उघडलेस, माझ्याकडेच बघून बोललीस, आणि आवाज असा की कान तोंडाशी न्यावा लागला. दिनेशजींच्या कानावर मधला शब्द तेवढा पडला. ते उलट्या पावली धावले.

मी आज दिवसभर वकिलासारखा विचार केलाय. तुला मी रोज कादंबरी वाचून दाखवत होते, आणि दमलीस की तू म्हणायचीस, "बस ताई, खून कर." पुण्याहून आणलेला ण दुखण्यानं परत नेला होता. मग मी त्या पानात औषधाचं रिकामं पाकीट घालायचे. म्हणजे खूणच. पण त्या वेळी पुस्तक मिटलेलं होतं, चष्माही मी काढून ठेवला होता. खूण कशात करायची? मग दुसरं. त्याच्या आदल्या आठवड्यात तू म्हणाली होतीस, "पुरे झालं ताई, सोडव मला." मी तुला रागावले, असलं अभद्र बोलायचं नाही म्हणाले, आणि तू पुन्हा तसं बोलली नाहीस. ते तू सरळ मागून बघितलंस, मी दिलं नाही, म्हणून मग उघड्या शब्दात मागितलंस का? आणि तिसरं, दिनेशजींचं. इथे जन्मलेली तू, लहानपणी गुडघा फुटला की 'खून आलं' म्हणत रडायचीस. रक्त हा शब्द तू पुस्तकात शिकलीस. तुला रक्तच हवं असेल, आणि 'कर' म्हणजे सोय कर. 'केली' म्हणाली असतीस किंवा 'केला', तर त्यावरून तरी काही कळलं असतं. 'कर' वरून काहीच कळत नाही.

मी काय केलं ते सांगू? मी "हो" म्हटलं. "हो गं, करते," म्हटलं, आणि तुझ्या कपाळावरचे केस मागे केले. तू डोळे मिटलेस. तुझा चेहरा सैल झाला, काम कोणाकडे तरी सोपवल्यावर होतो तसा. काय सोपवलंस मला?

दिनेशजी परत आले तेव्हा रक्ताची पिशवी त्यांनी स्वेटरच्या आत छातीशी धरली होती. गार रक्त चढवलं की तुला हुडहुडी भरायची, म्हणून रस्ताभर ते ती आपल्या अंगानं उबवत आले होते. "मिल गया दीदी," ते दारातूनच म्हणाले. नर्सनं तुझ्या चेहऱ्यावरून चादर नुकतीच ओढली होती. ते तिथेच उभे राहिले, स्वेटरमधला हात बाहेर न काढता. कोणी घेईना ती पिशवी त्यांच्याकडून. मीही नाही घेतली.

एवढं लिहिलं आणि फाटक वाजलं. दिनेशजी आले.

आता ते गेलेत, म्हणून पुढचं लिहिते. या वेळी बसले. चहा दिला, तो त्यांनी तसाच ठेवला. म्हणाले, "दीदी, छुपाना मत. अगर उसने वो कहा था जो भाभी बता रही थीं, तो मुझे मालूम होना चाहिए. और अगर कुछ और कहा था, और मैं फ़ालतू में उसे छोड़ के चला गया, तो वो भी बता दो." तोंड उतरलं होतं. दाढी केली नव्हती. 'उशीर झाला' एवढं मराठी येणारा तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता आणि माझ्या तोंडात तीन शब्द होते, तिन्ही सारखेच वाजणारे.

मी म्हटलं, "दिनेशजी, पुणेवालों की मराठी अलग है. हमारे घर में खून माने खून. जो आपके यहाँ, वही हमारे यहाँ."

"पक्का?"

"बचपन से. घुटना फूटता था तो यही बोल के रोती थी."

"तो मैं ठीक गया था?"

"ठीक गए थे. उसने माँगा, आप ले आए. देर हुई, उसमें आपका क्या."

ते रडले. तेरा दिवसांत पहिल्यांदा आवाज काढून रडले. मग चष्मा पुसला, गार चहा एका घोटात संपवला, आणि आणखी आहे का म्हणून विचारलं. मी नवा करून दिला. फाटकातून जाताना त्यांनी वळून हात केला.

मालू, तू पुस्तकातलं पान मागितलं असशील तर ते मी जपलं नाही. दुसरं मागितलं असशील तर ते माझ्या हातून कधीच झालं नसतं, आणि हो मात्र मी म्हटलं होतं. आज त्यावर पाणी सोडलं. तुझं शेवटचं वाक्य मी हिंदी करून टाकलं. चुकलं असेल तर भांडायला ये. आपल्या मराठीत माझ्याशी भांडणारं आता दुसरं कोणी नाही.